पडवीतले शिंजिराचे घरटे

जांभळ्या पाठीचा शिंजीर हा जेमतेम 10 सेंटिमीटर लांबीचा पक्षी माणसांच्या इतका जवळ घरटे बांधतो, की ते पाहायला रानात जावे लागत नाही. रत्नागिरीतल्या आमच्या घरी, पडवीच्या वाशाला लोंबणाऱ्या एका जुन्या तारेवर, यंदा चैत्रात मादीने बांधकाम सुरू केले, तेव्हा वाऱ्याने उडून अडकलेला कचरा असेल असेच घरातल्या सगळ्यांना वाटले.

तसे वाटावे अशीच त्या घरट्याची रचना असते. सालीचे कपचे, वाळकी पाने, दगडफूल, अगदी सुरवंटांची वाळलेली विष्ठासुद्धा मादी बाहेरून चिकटवते, आणि हे सारे कोळ्याच्या जाळ्याने धरून ठेवलेले असते. वाशांच्या सांध्यांतले धागे ती चोचीने ओढून आणी, तारेभोवती गुंडाळी, आणि लोंबती पिशवी आकाराला आल्यावर आत शिरून, छातीने रेटून तिला फुगवटा देई. बाजूला वरच्या अंगाला प्रवेशाचे तोंड, त्यावर पावसा-उन्हाच्या आडोशाला इवलीशी वळचण, आणि आत सावरीच्या कापसाची गादी. नर आसपास चिवचिवत असतो. पण घरटे बांधण्याचे काम मुख्यतः मादीच करते, याचे मला आजही फार अप्रूप वाटते.

अंडी बहुधा दोन असतात आणि साधारण पंधरवड्यात पिल्ले बाहेर येतात. मग मात्र नरही पिल्लांना भरवू लागतो. शिंजीर फुलांतला मध पिणारा म्हणून ओळखला जातो, तरी पिल्लांच्या चोचीत पडतात ते मुख्यतः कोळी आणि मऊ किडे, कारण अंग भरायला प्रथिने लागतात. घास देऊन झाला की पिल्लू घरट्याच्या तोंडाकडे पाठ फिरवते, आणि पातळ पांढऱ्या आवरणात गुंडाळलेली त्याची शिट आई चोचीत धरून दूर नेऊन टाकते. त्यामुळे घरटे आतून स्वच्छ राहते.

म्हणजे घरट्याचा धागाही कोळ्याचा आणि पिल्लांचा घासही बराचसा कोळ्याचाच. अंगणातल्या जास्वंदीवर कीटकनाशक फवारणाऱ्याने शिंजिराची वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पडवीच्या एका कोपऱ्यातली जळमटे आम्ही आता मुद्दाम काढत नाही, आणि पाहुण्यांना ती दिसली तरी चालते. घरट्याजवळ मोबाइल नेऊन फोटो काढण्याचा मोहही आवरायला हवा. माणसाच्या वर्दळीने मादी घरटे सोडून जाऊ शकते, शिवाय वारंवार कोणी तिथे थांबले की कावळ्याचेही तिकडे लक्ष जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणे हा गुन्हा आहे. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी खिडकीआड बसून दुर्बिणीतून पाहावे. तिथूनही पिल्लांच्या आखूड, सरळ चोची हळूहळू बाक घेताना छान दिसतात.