इंद्रलाल रॉयच्या डीएफसीचा माग काढताना – माझा अनुभव

आमच्या कॉलेजात एनसीसी एअर विंगच्या खोलीत एक भिंत रिकामी होती, तिथे लढाऊ वैमानिकांच्या शौर्यपदकांचा बोर्ड करायचा ठरलं आणि मी इतिहास शिकवतो म्हणून काम माझ्याकडे आलं. मुलांनी पहिलं नाव सुचवलं ते इंद्रलाल रॉयचं, पहिल्या महायुद्धात डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस म्हणजे डीएफसी हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवणारा पहिला भारतीय. नेटवर त्याच्याबद्दल भरपूर आहे पण तेच तेच परिच्छेद फिरतायत, कोणी कुठून घेतलं काही पत्ता नाही. मी म्हटलं बोर्डवर जे लावू ते मूळ कागद बघूनच लावू. त्यासाठी काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहितो, कुणाला जुन्या पायलटचं पदक शोधायचं असेल तर उपयोग होईल.

आधी माणूस कोण ते सांगतो. जन्म 2 डिसेंबर 1898, कलकत्ता. शिक्षण लंडनला सेंट पॉल्स स्कूलमध्ये. डोळ्यांच्या तपासणीत आधी नापास झाला होता, तर मोटरसायकल विकून मोठ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून पुन्हा तपासून घेतलं आणि रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश सैन्याच्या हवाई शाखेत घुसला असं सगळीकडे सांगतात. जुलै 1917 मध्ये अधिकारी म्हणून कमिशन, मग 56 स्क्वाड्रन, डिसेंबरात विमान आदळलं आणि जबर जखमी, डॉक्टरांनी उडायला अनफिट ठरवलं. दवाखान्यात बसून विमानांची चित्रं काढत होता, त्यातली बरीच आजही आहेत. तरी पाठपुरावा करून जून 1918 मध्ये परत फ्रान्सला, यावेळी 40 स्क्वाड्रन, विमान एसई फाइव्ह ए. 22 जुलै 1918 ला कारव्हाँ गावाच्या वर जर्मन फोकर विमानांशी लढताना गेला. वय एकोणीस. माझ्या वर्गात पुढच्या बाकावर बसतात ती मुलं याच वयाची आहेत, त्यामुळे हे सगळं वाचताना मला फार जड गेलं हे सांगतोच.

आता मूळ कामाकडे. ब्रिटिश शौर्यपदकाचा पहिला पुरावा म्हणजे लंडन गॅझेट, ब्रिटिश सरकारचं राजपत्र. ते ऑनलाइन आहे, फुकट आहे, पानाची पीडीएफ उतरवता येते. पण नाव टाकून शोधायला जाऊ नका. 1918 ची बारीक छपाई, कागद पिवळा, स्कॅन केलेली अक्षरं मशीनला नीट वाचता येत नाहीत, शिवाय रॉय नावाचे स्कॉटिश लोकही ढीगभर. तारखेची रेंज टाका, एअर मिनिस्ट्री असं शोधा आणि पानं डोळ्याने चाळा. दुसरी गोष्ट, गॅझेट मंगळवारी आणि शुक्रवारी निघायचं आणि युद्धाच्या काळातल्या पदकांच्या याद्या त्याच्या पुरवणीत यायच्या, त्यामुळे एकाच पानाला दोन तारखा असतात, एक मूळ अंकाची आणि एक पुरवणी खरंच छापली गेली त्या दिवसाची. रॉयच्या बाबतीत शुक्रवार 20 सप्टेंबर आणि शनिवार 21 सप्टेंबर 1918. म्हणून कुठे 20 दिसते कुठे 21, आणि लोक एकमेकांना चूक म्हणत बसतात, दोन्ही बरोबर आहेत.

त्या पानावर त्याचं नाव दिसलं आणि खाली तीन-चार ओळींचं सायटेशन, म्हणजे पदक कशासाठी दिलं तो मजकूर. मी ते मुलांना वर्गात वाचून दाखवलं, मराठीत सांगायचं तर अत्यंत शूर आणि निश्चयी अधिकारी, तेरा दिवसांत शत्रूची नऊ विमानं पाडली, आणि एकापेक्षा जास्त वेळा एकाच गस्तीत दोन-दोन. बस एवढंच. लगेच एका मुलीने हात वर केला, सर सगळीकडे तर दहा विमानं लिहिलंय मग इथे नऊ का?

हा प्रश्न फार चांगला होता आणि त्यावर आम्ही बराच वेळ घालवला. त्याच्या नावावरच्या विजयांच्या तारखा फळ्यावर मांडल्या. 6 जुलैला पहिलं, 8 जुलैला एकाच दिवसात तीन आणि तेही चार तासांच्या आत, 13 ला दोन, 15 ला दोन, 18 ला एक, 19 ला शेवटचं. बेरीज दहा. अशा तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की सायटेशनमधलं ते दोन-दोनचं वाक्य एकदम जिवंत होतं, हवेत मारलेलं कौतुक वाटत नाही. मग त्या दहातली पाच विमानं नष्ट म्हणून धरलेली आणि पाच आऊट ऑफ कंट्रोल, म्हणजे गिरक्या घेत खाली जाताना दिसली पण जमिनीवर आदळताना कोणी पाहिलं नाही. दोन विजय दुसऱ्या पायलटबरोबर वाटून घेतलेले. पहिल्या महायुद्धातल्या आकड्यांचं असंच असतं, कोण मोजतंय आणि कधी मोजतंय यावर एखादं इकडेतिकडे होतं. आम्ही बोर्डवर दोन्ही आकडे लावले, सायटेशनमधले नऊ आणि यादीतले दहा, शेजारी शेजारी. एकच आकडा लावा नाहीतर गोंधळ होईल असं एका सहकाऱ्यांचं म्हणणं होतं, मला ते पटलं नाही. मुलांना गोंधळ होत नाही, कारण सांगितलं की कळतं.

दुसरा मोठा मुद्दा मरणोत्तर या शब्दाचा. सगळीकडे मरणोत्तर डीएफसी असं लिहिलेलं असतं. पण त्या काळातल्या ब्रिटिश पद्धतीत माणूस गेल्यावर द्यायचं शौर्यपदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर मग मेन्शन्ड इन डिस्पॅचेस, म्हणजे सेनापतीच्या अहवालात नावाचा उल्लेख. डीएफसीसारखी पदकं मरणोत्तर द्यायला 1979 मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी माणूस गेल्यावर गॅझेटमध्ये अशी नावं येत ती शिफारशीची गाडी तो जिवंत असतानाच सुटलेली असायची म्हणून. 19 जुलैला शेवटचा विजय, 22 ला मृत्यू, आणि 21 सप्टेंबरला जाहीर. म्हणून बोर्डवर मी नुसतं मरणोत्तर न लिहिता मृत्यूची तारीख आणि जाहीर झाल्याची तारीख अशा दोन्ही दिल्या, बघणाऱ्याला मधले दोन महिने दिसतात.

गॅझेटनंतर सर्व्हिस रेकॉर्ड. लंडनजवळ क्यू इथे ब्रिटनचं नॅशनल अर्काइव्हज आहे, त्यात एआयआर 76 या मालिकेत पहिल्या महायुद्धातल्या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची रेकॉर्ड्स आहेत आणि ती स्कॅन झालेली आहेत. मोफत अकाऊंट उघडायचं, लॉगिन करून नाव शोधायचं, बास्केटमध्ये टाकायचं आणि उतरवायचं. एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे त्यांनी ही डाऊनलोड्स लॉगिन केलेल्यांना फुकट केली, आधी प्रत्येक फाइलला पैसे पडायचे. फक्त महिन्याला किती घ्यायच्या त्याला मर्यादा असते ती तिथे वाचून घ्या. या फॉर्मवर युनिट, बदल्या, मेडिकल बोर्ड वगैरे नोंदी असतात, सगळं संक्षेपात आणि हाताने लिहिलेलं, एक ओळ लावायला कधी कधी संध्याकाळ जाते.

याच्या जोडीला आरएएफ म्हणजे रॉयल एअर फोर्सच्या म्युझियमने अधिकाऱ्यांचे कॅज्युअल्टी फॉर्म ऑनलाइन ठेवलेत ते जरूर बघा. नाव ऐकून वाटतं फक्त जखमी-मृतांचे असतील, तसं नाही, माणूस कोणत्या तारखेला कोणत्या युनिटला हजर झाला, रजा, दवाखाना, सगळ्या हालचाली त्यावर असतात. आणि कबर शोधायला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट, तिथे रॉयची नोंद उत्तर फ्रान्समधल्या एस्तव्हेल गावाच्या स्मशानभूमीत आहे.

शवागारात मेला म्हणून ठेवलेला आणि उठून दार ठोठावलं ही त्याच्या 1917 च्या अपघाताची गोष्ट तुम्ही वाचली असेल, मुलांना ती लावायचीच होती. मला जे कागद मिळाले त्यात ती नव्हती म्हणून बोर्डवर नाही लावली. तोंडी सांगितली, गोष्ट म्हणून.

आता पदक. डीएफसी सुरूच झालं 3 जून 1918 ला, पंचम जॉर्जच्या वाढदिवशी, कारण 1 एप्रिलला रॉयल एअर फोर्स वेगळं दल झालं आणि त्यांना स्वतःची पदकं हवी होती. त्याआधी रॉयल फ्लाइंग कोअरचे पायलट सैन्याचे अधिकारी, त्यांना मिलिटरी क्रॉस मिळायचा. म्हणजे रॉयने पहिलं विमान पाडलं तेव्हा हे पदक जेमतेम महिन्याभराचं होतं. बोर्डसाठी प्रतिकृती करायची तर कॅम्पातल्या लष्करी सामानाच्या दुकानात गेलो, त्यांच्याकडे फीत होती ती तिरप्या पांढऱ्या-जांभळ्या पट्ट्यांची, सगळीकडे हीच मिळते. पण तिरपे पट्टे जुलै 1919 मध्ये आले. 1918 मध्ये जाहीर झाली तेव्हा फितीवर पट्टे आडवे होते. दुकानदार काका सज्जन, म्हणाले आडवी फीत येतच नाही, मग त्यांनीच सुचवलं साटीनवर प्रिंट मारून घ्या, तसं केलं. बघणाऱ्या शंभरातल्या एकाला फरक कळेल, पण रॉयच्या पदकाला रॉयच्या काळातलीच फीत पाहिजे असं मला मनापासून वाटत होतं.

सोबत ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल, ही दोन मोहिमेवर गेलेल्यांना मिळणारी पदकं. त्या काळातल्या डीएफसीवर मिळवणाऱ्याचं नाव कोरलेलं नसायचं, मोहिमेच्या पदकांच्या कडेवर मात्र नाव असतं. म्हणून लिलावात किंवा कुणाच्या घरी नुसता डीएफसी दिसला तर तो कोणाचा हे धातूवरून कधीच सांगता येत नाही, गॅझेट आणि बाकीच्या पदकांची जोड लागते. घरात जुनी पदकं असतील तर कृपा करून एकमेकांपासून वेगळी करू नका, आणि पॉलिश तर मुळीच मारू नका, कडेची अक्षरं झिजतात.

बोर्डवर एक कोपरा आम्ही माणसांसाठी ठेवला. रॉयला 40 स्क्वाड्रनमध्ये तयार करणारा फ्लाइट कमांडर जॉर्ज मॅकएलरॉय, आयरिश, तो रॉयनंतर नऊ दिवसांनी 31 जुलैला गेला. रॉयची आई लोलिता रॉय लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत होत्या, 1911 च्या मोठ्या मिरवणुकीत चालल्या होत्या. आणि सुब्रतो मुखर्जी, जे 1954 मध्ये आपल्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, त्यांचा हा नात्याने मामा. मामा गेला तेव्हा भाचा सात वर्षांचा होता.

शेवटी एक चौकट मी भांडून घेतली. रॉयच्या वेळी आणखी तीन भारतीय पायलट होते, हरदित सिंग मलिक, एरोल सेन आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर. वेलिंगकर 23 स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान उडवायचे, जून 1918 च्या शेवटी गस्तीवर असताना पाडले गेले आणि जखमांनी गेले, रॉयचा पहिला विजय व्हायच्या आठवडाभर आधी. कबर फ्रान्समधल्या आँगार गावात. शौर्यपदक नाही. काहींचं म्हणणं होतं की बोर्ड शौर्यपदकांचा आहे मग हे नाव कशाला. मी म्हटलं पदक मिळायला आधी काही आठवडे जिवंत राहावं लागतं, कोणीतरी बघावं लागतं, कोणीतरी शिफारस लिहावी लागते, तेवढी संधीच ज्याला मिळाली नाही त्याचं नाव मराठी मुलांच्या कॉलेजात तरी लागलंच पाहिजे. लागलं. 2019 मध्ये पोस्टाने या चौघांची तिकिटं काढली होती, ती एका संग्राहक मित्राकडून घेऊन त्याच चौकटीत बसवली.

स्वातंत्र्यानंतरच्या पायलट लोकांसाठी, म्हणजे महावीर चक्र, वीर चक्र वगैरे, संरक्षण मंत्रालयाचं गॅलंट्री अवॉर्ड्स पोर्टल आहे, तिथे नावाने शोधता येतं आणि मग तारीख घेऊन भारताच्या राजपत्रात जायचं. पुढचा बोर्ड हृषीकेश मुळगावकरांचा करतोय, 1947-48 च्या काश्मीरच्या लढाईसाठी महावीर चक्र, नंतर हवाई दल प्रमुख. त्या काळातले स्क्वाड्रनचे फोटो किंवा मराठी वर्तमानपत्रांची कात्रणं कुणाकडे असतील तर स्कॅन पाठवा, मूळ कागद पोस्टाने पाठवू नका.