आबांचा अडकित्ता

आबा जाऊन आता आठ वर्षं होतील. लोणंदच्या बाजारात कांद्याच्या आडतीवर ते दिवाणजी होते. पहाटे चारला उठायचे, चूळ भरून ओट्यावर बसायचे आणि सुपारी कातरायचे. अडकित्ता पितळी, वरच्या मोराची चोच झिजून गेलेली. त्याचा 'कट्ट' आवाज कानावर आला की आम्ही भावंडं कूस बदलून पुन्हा झोपायचो.

ते गेल्यावर दीडेक महिन्यानं आई एका सकाळी म्हणाली, "पहाटे हे आले होते. सुपारी कातरत बसले होते." चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. तेराव्यापासून धड न जेवलेली बाई त्या दिवशी दोन भाकरी खाऊन उठली. मग आठ-पंधरा दिवसांनी असं व्हायचं, आणि तो दिवस तिचा बरा जायचा. मी वर काही बोलत नव्हते, पण आतून धास्तावले होते. आईच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?

त्या वेळी मला कुणीतरी सांगायला हवं होतं की असं पुष्कळांना होतं. डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांना हेच विचारलं होतं. जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार आसपास असल्याचं जाणवलं होतं. कुणाला दिसायचा, कुणाला आवाज यायचा. बहुतेकांना त्याचा आधार वाटायचा, आणि बहुतेकांनी ते तोवर कुणाजवळ बोलूनही दाखवलं नव्हतं. हे १९७१ साली छापून आलंय. माझ्या वाचनात आलं ते फार उशिरा.

आईनं मात्र बोलून दाखवलं, नात्यातल्या एका बाईंजवळ. त्यांनी एका देवऋषाचं नाव काढलं. मी नको म्हटलं नाही, हे इथे लिहायलाच हवं. गाडी मी चालवली, पैसे मी मोजले. त्यानं सुपात तांदूळ पसरले, दाणे इकडचे तिकडे केले आणि म्हणाला, "जीव अडकलाय. घरातलं एक माणूस न्यायला बघतोय." घराच्या चार कोपऱ्यांत खिळे, उंबऱ्याला काळी दोरी, वर्षभर देवळाची पायरी चढायची नाही, अकरा हजार रुपये, आणि आबांच्या वापरातल्या सगळ्या वस्तू वाहत्या पाण्यात. अडकित्ता आईनं स्वतःच्या हातानं नीरेत सोडला. पाण्यात पडल्यावरही थोडा वेळ हात तसाच पुढे धरून उभी होती.

त्या रात्रीपासून ती दिवा चालू ठेवून पडायला लागली. झोप नाहीच. आवाज आला तरी घाबरायची, नाही आला तरी घाबरायची. माझ्या मुलाला ओट्यावर बसू देईना. चाळीस वर्षं ज्याला वाढल्याशिवाय जेवली नाही, त्या माणसाच्या चाहुलीनं तिच्या अंगाला घाम सुटायचा. पहाट तीच, आवाज तोच. त्या आवाजाचा अर्थ एका परक्या माणसानं पाच मिनिटांत बदलून टाकला. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आई, आधी काका यायचे तेव्हा कसं वाटायचं तुम्हाला?" आई हुंदके देऊन रडली. "बरं वाटायचं हो." गोळ्या सुरू झाल्या, सात-आठ महिने चालल्या. पूर्वी हरिपाठाला जायची, हे कळल्यावर ते म्हणाले, "मग उद्यापासून जा."

गोळ्यांनी तिला झोप दिली आणि हरिपाठानं माणसांत आणलं, असं मला ठाम वाटतं. संध्याकाळी देवळात पंधरा-वीस बायका, प्रत्येकीच्या हातात टाळ. पहिला आठवडा आईच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या काकूंनी तिची मनगटं धरून टाळ वाजवून घेतले. तिथल्या निम्म्या बायकांचे नवरे गेलेले. कुणाचा जीव अडकलाय, कुणाचा सुटलाय, ही चौकशी कुणी करत नाही. एक दिवस आई गेली नाही तर मात्र कुणीतरी घरी डोकावतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ च्या डिसेंबरात झालेला जादूटोणाविरोधी कायदा मी मग नीट वाचला. भुताची भीती घालून माणसाला नाडणं त्यात गुन्हा आहे, आणि यात्रा, कीर्तन, भजन यांना कायदा हात लावत नाही, असं त्यातच लिहिलंय. आमच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात येऊन गेल्या होत्या. तक्रार करू म्हटलं, पण आईनं हात जोडले. मी गप्प बसले. आज बसले नसते.

त्या वर्षी माउलींची पालखी लोणंदला यायच्या आदल्या दिवशी आई उंबरा धूत होती. मध्येच आत गेली, विळी घेऊन आली आणि काळी दोरी कापून टाकली. "वारकऱ्यांच्या पायात कशाला ही घाण," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दीड-दोनशे भाकरी आमच्या ओट्यावरून गेल्या. ती पिठलं ढवळत होती, घामानं निथळत होती आणि पंगतीत बसलेल्या आजोबांना आग्रह करत होती.

पुढे दिवाळीच्या सुमाराला, सकाळी मी दूध तापवत होते. आई मागं येऊन उभी राहिली.

"आज आले होते हे."

माझा हात थांबला. "काय करत होते?"

"काय करणार? सुपारी कातरत होते," ती म्हणाली आणि चहाचा डबा काढायला वळली.