सात वर्षं का लागली?

दर चवथीला फोंड्याच्या घरी आत्या विचारतेच, "बाय, तुझ्या पीएचडीला सात वर्षं का गो लागली?" हल्ली माझे विद्यार्थीही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

आळस नव्हता. थायोफिनॉल या गंधकाच्या संयुगाच्या वासाला कंटाळले असंही नाही. कदंबाच्या बसमध्ये शेजारची माणसं उठून जायची, त्याची सवय झाली होती.

कार्बन-गंधक बंध जोडणं हे माझं काम. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनमध्ये तो आहे, पित्तावरच्या ओमेप्राझोलमध्येही. त्यासाठी वापरतात तो पॅलेडियम धातू महाग, शिवाय गंधक त्याला असं चिकटतं की उत्प्रेरक थंड पडतो. म्हणून मी स्वस्तातलं फेरिक क्लोराइड, म्हणजे लोखंडाचं संयुग, घेतलं. दोन वर्षं यील्ड, म्हणजे हाती लागणारं उत्पादन, 80 टक्क्यांच्या वर येत होतं.

मग 98 टक्के शुद्धतेची बाटली संपली आणि मी हौसेने 99.99ची मागवली. तीच सीलबंद नळी, तेच 135 अंश, तेच 24 तास. सकाळी टीएलसीची प्लेट (मिश्रणातले पदार्थ हिच्यावर वेगवेगळे डाग होऊन दिसतात) यूव्ही दिव्याखाली धरली. ज्यापासून सुरुवात केली त्या आयोडाइडचा डाग जसाच्या तसा. उत्पादनाचा डाग डोळे बारीक करून शोधावा लागला. यील्ड 6 टक्के. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. पाचव्या वेळी त्याच शुद्ध क्लोराइडमध्ये दशलक्षात काही भाग इतकंच कॉपर ऑक्साइड मोजून घातलं. 83 टक्के! हातमोजे न काढताच मी हूडसमोर, वायू ओढून घेणाऱ्या कपाटासमोर, उभी राहिले. दोन वर्षं काम तांबं करत होतं, नाव मी लोखंडाचं लावत होते.

लोखंडाने हा बंध जोडल्याचं 2008मध्ये छापणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ कार्स्टन बोल्म यांनीच 2009मध्ये दुसरे रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बुकवाल्ड यांच्यासोबत याच धोक्याबद्दल लिहिलं होतं. पहिल्याच वर्षी मी ते वाचलं होतं, पेन्सिलने खुणाही केल्या होत्या. माझा लिगंड (धातूला धरून ठेवणारा रेणू) वेगळा आहे, मला ते लागू नाही, असं तेव्हा ठरवून टाकलं. का? यील्ड छान येत होतं म्हणून. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

एक सीनियर म्हणाला, "जुन्या बाटलीचे आकडे दे. खोटं काय आहे त्यात?" आकडे खरेच होते. तरी दिले नाहीत. तांबं घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. फेलोशिप पाच वर्षांची. पुढची दोन वर्षं बाबांच्या पेन्शनवर काढली. बाबा कधी बोलले नाहीत. पण त्या वर्षी घराचं छप्पर शाकारायचं राहिलं आणि माझ्या खोलीत पावसाळाभर बालदी ठेवावी लागली. हे आत्याला ठाऊक आहे, म्हणून तिचा प्रश्न जास्त लागतो.

बरोबर केलं का? बाबांकडे पाहिलं की 'हो' म्हणवत नाही. शिवाय ते 6 टक्के अजून डोक्यात आहेत. 99.99च्या बाटलीतही थोडं तांबं उरलं असेल. किंवा तेवढं काम खरंच लोखंडाने केलं असेल. तो प्रयोग मी अजून केलेला नाही.