सुताच्या गोदामातलं बीपी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामगारांची आरोग्य तपासणी असली की आमचं पहिलं भांडण जागेवरून. कारखान्याच्या ऑफिसला टेबल हवं असतं मागखात्याच्या दारात, कारण तिथे बॅनर आणि फोटोत माग छान दिसतात. पण माग चालू असताना स्टेथोस्कोपमधून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. डिजिटल यंत्र लावावं तर जमिनीची थरथर टेबलात चढते आणि आकड्याच्या जागी एरर येतो. म्हणून मी सरळ सुताच्या गोदामात जाते. तिथल्या गाठी आवाज खातात. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, पाच मिनिटं गप्प. दंड जाड असेल तर मोठा कफ, कारण लहान कफवर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. यात मी कुणाचं ऐकत नाही. लॅबचा पोरगा म्हणतो, "सिस्टर, एवढं कोण बघतंय?" त्याला तासाला किती डोकी झाली एवढंच कळतं.

ती पाच मिनिटं फुकट नसतात. जेवढा माल निघेल तेवढी मजुरी. विणकर शेजारच्याला "बघ की जरा" सांगून येतो, आणि खुर्चीत बसला तरी लक्ष मागाकडेच.

रात्रपाळीवाल्यांची गंमत वेगळी. "उपाशीपोटी या" असा साखरेच्या तपासणीचा निरोप जातो. रात्रभर चहा-बिस्किटांवर जागलेला माणूस उपाशी कधी धरायचा? त्याला एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करायला हवी. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो, उपाशी राहावं लागत नाही, आणि ६.५ टक्के किंवा जास्त आली की मधुमेहाचा विचार करायचा. पण ती महाग, म्हणून कारखाना घेतो त्या तपासण्यांच्या पॅकेजात नाही. पॅकेजात टोपी आहे, पाण्याची बाटली आहे.

त्या सकाळी रात्रपाळी उरकून पन्नाशीचा एक विणकर आला. घरात तेलुगू, कामावर सोलापुरी मराठी. बीपी १९६/११८. थांबवलं, दुसऱ्या हातावर घेतलं. १९२/११६. छातीत दुखतंय का, धाप लागते का, अंधारी येते का, हात-पाय जड पडले का, हे विचारायला गेले तर त्याला ऐकूच येईना. पोरवयापासून मागावर, कान गेलेले. हळू बोलावं तर कळत नाही आणि मोठ्याने बोलावं तर गोदामाच्या दारातली अख्खी रांग ऐकते. खाजगीत सांगायची गोष्ट ओरडून कशी सांगायची, हे आम्हाला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही. शेवटी खुणांनी विचारलं, त्याने सगळ्याला मान हलवून नाही म्हटलं. मग आकडा कागदावर लिहून दाखवला.

"माहिताय की," म्हणाला, आणि खिशातून ॲम्लोडिपिनची, म्हणजे बीपीच्या गोळ्यांची, अर्धी पट्टी काढली. डोकं दुखलं तर घेतो, नाहीतर राहिली. बीपीने बहुतेकांचं डोकं दुखत नाही, हे सांगून आमचं तोंड दुखतं. त्याची अडचण मात्र खरी होती. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, दवाखाना उघडा असतो तेव्हा हा झोपेत असतो किंवा मागावर. ओळीत उभं राहायचं म्हणजे झोप जाते नाहीतर मजुरी. मी चिठ्ठी लिहिली, आजच डॉक्टरांकडे जा म्हणाले. उठताना तो माझ्या कानाशी, म्हणजे त्याच्या मते हळूच, म्हणाला, "ऑफिसच्या यादीत लिवू नका." रांगेतले चौघे हसले.

इथे एक सांगते. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा कळवण्याजोगा, म्हणजे सरकारला कळवावाच लागणारा, आजार म्हणून लिहिलेला होता, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या कामगार संहितेतही तो आहे. तरी कानाची तपासणी कुठल्याच पॅकेजात मी पाहिली नाही. साखर आणि बीपी कामगाराच्या खाण्यापिण्यावर ढकलता येतं. बहिरेपणाचा माग सरळ मागापर्यंतच पोचतो.

दुपारी मॅनेजरनी नावांसकट यादी मागितली. "पैसे आम्ही दिलेत. उद्या कोण मागावर पडला तर मला धरतील." माणूस वाईट नाही, भीती खरी आहे. आमच्या डॉक्टरांनी नुसती बेरीज दिली, किती जणांचं बीपी जास्त, किती जणांची साखर. तेव्हा मला तेच बरोबर वाटलं. आता तेवढी खात्री नाही. एका ठिकाणी मालकाला कळल्यावर त्याने गोळ्या आणायला भरपगारी वेळ दिलेला मी पाहिलाय. दुसरीकडे कांडी भरणाऱ्या एका बाईची साखर कळली आणि तिला "घरी आराम कर" सांगितलं गेलं. दोन्ही मालक नाश्त्याला तितक्याच प्रेमाने बोलवत होते. यादी देण्याआधी कोण कुठला, हे ओळखायचं कसं?

पुढच्या तपासणीचा नवा फॉर्म आलाय. प्रत्येक नावासमोर रकाना आहे: कामास योग्य, अयोग्य. मी म्हणाले, रकाना हवाच असेल तर शेजारी अजून एक घाला, महिन्यातून दोन तास भरपगारी सुट्टी, होय किंवा नाही. मॅनेजर हसले. लॅबवाले हसले नाहीत, त्यांचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय.