चुलत आजोबांची लंडनच्या इस्पितळातली नोंद : माझा अनुभव

माझे चुलत आजोबा बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले, सेंट पँक्रसमध्ये खोली घेऊन राहिले आणि १९३३ साली क्षयाने तिकडेच वारले. घरात त्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे. त्यांची इस्पितळातली नोंद मी मिळवली, पण एका अर्काइव्हने, म्हणजे जुने कागद सांभाळणाऱ्या संस्थेने, अक्षरशः जीव काढला.

मुळात बरोच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, कागदांत भरती रजिस्टर शोधू नका. बरोकडे क्षयाचा दवाखाना असे, खाटा लंडन काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे सगळ्या लंडनचा कारभार पाहणाऱ्या मंडळाकडे. १ एप्रिल १९३० पासून गरिबांसाठीची जुनी इस्पितळंही कौन्सिलकडे गेली. कुठल्या इस्पितळाचे कागद कुठे ठेवलेत, हे ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्हजच्या यादीत सापडतं.

रजिस्टर सापडलं, पण बंद! रुग्णांची वही शंभर वर्षं उघडत नाही, आणि ही वर्षं मोजायची वहीतल्या शेवटच्या तारखेपासून. आमची नोंद १९३३ ची, वही चालली १९३७ पर्यंत. म्हणजे २०३८ उजाडणार. तोवर माझे वडील असतील का? कर्मचारी आपल्या वतीने वही पाहू शकतात, पण त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो. दाखला सरकारी निबंधकाकडून ऑनलाइन मागवता येतो. फक्त आडनावाने शोधून थांबू नका. आमच्याकडे वडिलांचं नावच आडनाव म्हणून लागलं होतं, आणि मृत्यू सॅनेटोरियममध्ये झाल्याने नोंद लंडनबाहेरच्या जिल्ह्यात होती.

नात्यावर मात्र गाडी रुतली. आजोबा आणि चुलत आजोबा, दोन्ही भावांचे जन्मदाखले मागितले. त्या काळातल्या कोकणातल्या खेड्यातले दाखले मी कुठून आणू? शाळेच्या रजिस्टरचा उतारा पाठवला, तर छापील उत्तर आलं, जन्मदाखला जोडा. पुन्हा समजावून लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, शब्दही न बदलता. ज्या माणसाला तिथे भेटायला कुणी आलं नसेल, त्याच्या माणसांना नव्वद वर्षांनंतरही दारात उभं करायचं, याचा मला अजून राग आहे. शेवटी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, शाळेचा उतारा आणि दोन्हींचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर असं एकत्र पाठवलं आणि प्रकरण वरिष्ठांकडे द्या म्हणून स्पष्ट लिहिलं. मग हललं.

थांबावं लागतं त्या काळात वेलकम कलेक्शन या लंडनमधल्या वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयाच्या साइटवर लंडनच्या बरोंचे वार्षिक आरोग्य अहवाल वाचा. फुकट आहेत, परवानगी लागत नाही. क्षयाचा रुग्ण कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक होतं, त्यामुळे वयोगटानुसार तक्ते मिळतात. नावं नसतात.

उतारा आला तेव्हा वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. वय, पत्ता, दवाखान्याने पाठवल्याची तारीख, सॅनेटोरियमला हलवल्याची तारीख. आता सॅनेटोरियमच्या कागदांसाठी दुसरीकडे अर्ज केलाय, आणि वंशावळ पहिल्याच पत्राला जोडली आहे.