गाडीला न दिसलेला ऊस : पुणे ते आंबोली

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं सावंतवाडीचं टुमणं लावलं. गाव आमचं आजऱ्याजवळ, पण आधी मावशीला भेटायचं, मग घरी, असं तिनं मनाशी पक्कं केलेलं. डिसेंबर २०२४ मधल्या एका सकाळी साडेआठला आम्ही दोघी पुण्यातून निघालो. डोळ्यांत घालायच्या औषधाचा डबा तिच्या मांडीवर आणि डोळ्यांवर ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा.

गाडी वर्षभरापूर्वी घेतलेली. चालकाला मदत करणारी सगळी यंत्रणा तिच्यात आहे : आरशामागे, काचेला चिकटून एक कॅमेरा, पुढच्या बंपरच्या आत रडार आणि दोन्ही बंपरवर पार्किंगच्या सेन्सरच्या गोल टिकल्या. शोरूममध्ये मला सांगितलं होतं, "मॅडम, ही गाडी स्वतः बघते, स्वतः थांबते." वर्षभर चालवल्यावर मी एवढं खात्रीनं सांगते की ती बघते हे खरं, पण कुठे बघत नाही हे त्या दिवशी कुणीही सांगितलं नाही. ते सगळं मॅन्युअलमध्ये होतं, बारीक अक्षरात, इंग्रजीत. मी ते वाचलं तेव्हा गाडी घेऊन चार महिने झाले होते.

कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हा रस्ता मोकळा होता. क्रूझ ऐंशीवर लावला. पुढच्या गाडीपासून अंतर राखत ही यंत्रणा आपोआप वेग कमी-जास्त करते, आणि सरळ रस्त्यावर ते खरंच सुखाचं आहे. उजव्या पायाला आराम मिळतो. अडचण येते ती दुचाकींची. यंत्रणा पुढे जे अंतर सोडते, ते आपल्याकडे मोकळं राहत नाही. शिरवळच्या आसपास एक मोटरसायकल डावीकडून त्या फटीत शिरली. लांबचं बघणाऱ्या रडारचा झोत अरुंद असतो, बॅटरीच्या उजेडासारखा. कडेनं घुसणारी दुचाकी त्या झोतात येते तेव्हा ती अगदी नाकासमोर आलेली असते. गाडीनं करकचून ब्रेक लावला, मागच्या ट्रकनं हॉर्नवर हात ठेवला, आई पट्ट्यात अडकून पुढे झुकली. त्या ब्रेकनं मोटरसायकलवाला वाचला असेल, पण मागचा ट्रक जरा जवळ असता तर आमचं काय झालं असतं, हा विचार खंबाटकीच्या पायथ्यापर्यंत डोक्यातून गेला नाही. क्रूझ बंद करूनच घाट चढायला घेतला.

घाटातल्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर रस्त्यात करंजाची फांदी दिसली. तिच्यापुढे चार दगड. नेहमी गाडी चालवणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही : पुढे ट्रक बंद पडलाय. मी पाय ब्रेकवर नेला, वळण संपलं आणि मालानं भरलेला ट्रक समोर उभा. स्क्रीनवर तेव्हाही काही नव्हतं. मी बाजूला घेतलं तोवर गाडीनं एकदाही आवाज केला नाही.

यात गाडी बिघडली होती असं नाही, आणि हेच लोकांना समजावं असं मला कळकळीनं वाटतं. वळणावर रडार सरळ समोर म्हणजे दरडीकडे बघत असतं, ही एक गोष्ट. दुसरी जास्त महत्त्वाची. रडार ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींवरून समोरच्या वस्तूचं अंतर आणि वेग काढतं. रेल्वेची शिट्टी जवळ येताना चढी आणि लांब जाताना उतरती ऐकू येते ना, वेग त्याच तत्त्वावर. आता रस्त्याकडेला जे जे स्थिर आहे, म्हणजे फलक, कठडे, पुलाचे खांब, ते सगळं आपल्या गाडीच्याच वेगानं आपल्याकडे येताना दिसतं. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर गाडी चालवणं अशक्य होईल. म्हणून स्थिर वस्तूंच्या प्रतिध्वनींना यंत्रणा फारसं महत्त्व देत नाही. बंद पडलेला ट्रकही त्याच गर्दीत मोडतो. थांबलेलं वाहन ओळखता येईलच असं नाही, हे वाक्य मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलेलं आहे. फांदी ठेवणाऱ्या त्या क्लीनरनं मात्र वळणाच्या अलीकडे वीस पावलं चालत येऊन ती ठेवली होती.

साताऱ्याच्या पुढे, शेंद्रे ते कागल, महामार्गाचं सहापदरीकरण चालू होतं. ज्यांनी त्या काळात हा रस्ता केला त्यांना वेगळं सांगायला नको. दर दोन-चार किलोमीटरला वळवलेला रस्ता, बॅरिकेड, सेवारस्ता, पुन्हा महामार्ग. कराडजवळ उड्डाणपुलाच्या कामानं तर वाहतूक पार अंग चोरून चाललेली. इथे लेन सांभाळणारी यंत्रणा कामाची नाहीच, उलट धोक्याची. कॅमेऱ्याला रस्ता समजत नाही, त्याला गडद डांबरावरचे फिकट पट्टे समजतात. जुना पट्टा पुसला नव्हता आणि नवा अर्धाच मारला होता. मी बॅरिकेडच्या बाजूनं डावीकडे वळत असताना स्टीअरिंग उजवीकडे ओढल्यासारखं झालं. जोर फार नसतो, एका बोटानं परतवता येतो. पण नवशिक्या माणसाच्या हातात स्टीअरिंग असं अचानक हललं तर तो बिचकेल. मी बटण दाबून ते बंद केलं आणि कागलपर्यंत बंदच ठेवलं.

कॅमेऱ्याबद्दल आणखी एक सांगायचं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खडी उडून माझी पुढची काच तडकली होती. एका गॅरेजनं ती बदलून दिली, पण कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो हे तिथे कुणी बोललं नाही आणि मलाही माहीत नव्हतं. पंधरा दिवस गाडी चुकीच्या वेळी इशारे देत होती. कॅमेरा एका अंशानं जरी तिरपा बसला तरी १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो. लेनची रुंदी साडेतीन मीटर धरली तर ही झाली अर्धी लेन. म्हणजे शेजारच्या लेनमधला टेम्पो आपल्या पुढ्यात असल्यासारखा दिसणार किंवा आपल्या पुढ्यातला शेजारी. काच बदलली असेल तर कॅलिब्रेशन करून घ्या, आणि झाल्याचा कागद मागून घ्या.

कोल्हापूरला आईच्या हट्टानं तांबडा-पांढरा झाला. निपाणीपाशी कर्नाटकात शिरून उत्तूरकडे वळलं की पुन्हा महाराष्ट्र लागतो. उत्तूरला चहासाठी थांबलो. टपरीशेजारी मागे घेताना पार्किंगचे सेन्सर उंच गवतासाठी किंचाळत होते आणि छपराला ताणून बांधलेल्या तारेबद्दल गप्प होते. त्यांचं काम आवाजाच्या लहरींवर चालतं. बारीक तारेवरून परतणारा आवाज तो किती असणार. आई खाली उतरून मागे उभी राहिली आणि हातानं "येऊ दे, येऊ दे, बास" करत तिनं गाडी लावून घेतली.

आजऱ्याच्या पुढचा रस्ता मला प्रिय आहे. दोन्ही बाजूला ऊस, मध्ये काजूची झाडं, लांब सह्याद्रीची निळी कड. पण हंगामात तो रस्ता सावधगिरीचा आहे. शिवाय आजरा ते आंबोली हा रस्ता नैऋत्येकडे जातो, आणि डिसेंबरातला मावळता सूर्यही बरोबर तिकडेच उतरतो. साडेपाचला सूर्य काचेच्या मधोमध आला. मी झापड खाली ओढली, तरी अर्धा रस्ता पांढरा. तेवढ्यात टिंग वाजलं आणि स्क्रीनवर सूचना आली की पुढचा कॅमेरा तात्पुरता काम करू शकत नाही.

ही सूचना मी आधी पावसात पाहिली होती, उन्हात पहिल्यांदाच. कॅमेऱ्याला झापड नसते. थेट ऊन भिंगात शिरलं की चित्र पांढरं पडतं. २०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेत फ्लोरिडामध्ये टेस्लाची गाडी ऑटोपायलटवर असताना आडव्या आलेल्या ट्रेलरखाली गेली आणि चालक दगावला. ट्रेलर पांढऱ्या रंगाचा आणि मागे लख्ख आकाश, त्यामुळे ना यंत्रणेला तो वेगळा दिसला ना चालकाला, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं होतं. माझी गाडी निदान "मला दिसत नाही" असं कबूल तरी करत होती. एवढ्यासाठी मी तिला मानते.

"पोरी, हळू घे. म्होरं ट्रॉली हाय," आई म्हणाली.

मला समोर काहीच दिसत नव्हतं. रडार चालू होतं, स्क्रीनवरही रस्ता मोकळा. मी विचारलं, "कुठं दिसली तुला?"

"ट्रॉली कुठं दिसतीया? पाला पडलाय बघ रस्त्यावर. ताजा हाय. चेचलेला नाही अजून."

तेव्हा मी पाहिलं. डांबरावर उसाच्या पात्या पडल्या होत्या, दोन-चार कांड्याही. काळ्या चष्म्यामुळे तिला उन्हाचा त्रास नव्हता, रस्ता स्वच्छ दिसत होता. पात्या हिरव्या-पिवळ्या, ताठ. त्यांच्यावरून चाकं गेली असती तर त्या डांबराला चिकटून तपकिरी झाल्या असत्या. म्हणजे ट्रॉली नुकतीच गेली होती, आणि भरलेली ट्रॉली काही लांब जात नाही. मी वेग तीसवर आणला. वळणानंतर काजूच्या सावलीत डबल ट्रॉली चालली होती, माणूस सायकलवरून जाईल त्या वेगानं. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. असता तरी दिसला नसता, कारण उसाची टोकं ट्रॉलीच्या मागे हातभर नव्हे, चांगली पुरुषभर बाहेर आली होती आणि वाऱ्यावर हलत होती.

मी मागेच राहिले. आता स्क्रीनवर पुढच्या गाडीचं चित्र उमटलं, आणि ते बघताना माझ्या पोटात गोळा आला. गाडी ते अंतर ट्रॉलीच्या लोखंडापर्यंतचं धरत होती. रडारच्या लहरी लोखंडावरून जोरात परततात. उसाच्या शेंड्यांवरून जे परततं ते थोडं आणि विस्कळीत. ब्रेक त्या लोखंडाच्या हिशेबानं लागणार, आणि ऊस मात्र त्याआधीच काचेतून आत आलेला असणार. पुढच्या वाहनातून माल बाहेर आला असेल तर अंतर चुकू शकतं, हेही मॅन्युअलमध्ये आहे. लोखंडी सळ्यांच्या ट्रकलाही हेच लागू.

आमच्या घरचा ऊसही अशाच ट्रॉल्यांमधून जातो, म्हणून मी परक्यासारखी नावं ठेवत नाही. ट्रॅक्टरवाला पहाटेपासून फेऱ्या मारत असतो, टनामागे मिळणाऱ्या पैशांत त्याचं भागवायचं असतं. पण ट्रॉलीच्या मागे लाल कापड आणि चार रिफ्लेक्टर लावायला फार खर्च येत नाही, आणि ते लावल्याशिवाय वजनकाट्यावर ट्रॉली घेऊ नये, हे मी आमच्या गावातल्या लोकांना सांगत आले आहे, पुढेही सांगणार.

आंबोली आली तेव्हा अंधार पडत होता. सातशे मीटर उंचीवरचं हे गाव, पावसाळ्यात इथे धुक्यात बोनेटसुद्धा दिसत नाही. डिसेंबरात मात्र हवा काचेसारखी स्वच्छ. हिरण्यकेशीचा फाटा ओलांडला आणि थोड्याच अंतरावर गवा उभा होता. रस्त्याच्या डाव्या कडेला, अर्धा झाडीत. काळं अंग अंधारात मिसळलेलं, फक्त गुडघ्याखालचे पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. हेडलाइटमध्ये मला आधी ते चार पांढरे पाय दिसले. मी थांबले, दिवे मंद केले. त्यानं मान वळवून पाहिलं, सावकाश रस्ता ओलांडला, आणि मागून आणखी दोन आले.

गाडी याही वेळी गप्प होती. तिला माणसं, सायकली, मोटारी ओळखायला शिकवलंय. जनावरं ओळखणाऱ्याही यंत्रणा आहेत, पण त्या जिथे घडतात तिथलीच जनावरं त्यांना समजतात. व्होल्वोची यंत्रणा स्वीडनमधल्या मूस हरणांवर तयार झाली, आणि ऑस्ट्रेलियात कांगारूंपुढे ती गोंधळते, असं कंपनीच्याच तंत्रज्ञांनी २०१७ मध्ये सांगितलं. प्राण्याचे पाय जमिनीला कुठे टेकलेत त्यावरून ती अंतर काढायची. कांगारू उडी मारून हवेत गेला की तो लांब गेल्यासारखा वाटायचा आणि खाली आला की एकदम जवळ. आंबोलीचा गवा कुणी कोणत्या संगणकाला दाखवलाय का, हा प्रश्न मी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला विचारणार आहे.

घाट उतरून सावंतवाडीला पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. मावशी दारातच उभी. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

सकाळी उठून मी ओलं फडकं घेतलं. काचेवर, आरशामागच्या त्या हातभर तुकड्यावर, चिलटं चिकटून वाळली होती, आणि रडारच्या झाकणावर लाल धुळीचा थर बसला होता. बंपरच्या फटीत उसाची एक पात अडकलेली सापडली. आई अंगणात चहाचा कप घेऊन उभी होती. "काचेची आतली बाजू पण पूस," ती म्हणाली, आणि फडकं माझ्या हातून घेऊन तिनं स्वतःच दार उघडलं.