खाडीची कड

सोहमचा (नाव बदललं आहे) ठाणे खाडीचा नकाशा दोन महिन्यांपासून माझ्या कपाटात पडून आहे. शाळेने तो परत दिला, पण सोहमला तो घरी न्यायचा नाही.

मी फिरती विशेष शिक्षिका. ठाण्यातल्या सहा शाळांत दृष्टिबाधित मुलांसाठी जाते. लोकांना वाटतं मी ब्रेल शिकवत असणार. खरं तर माझा निम्मा वेळ "याला हे कसं जमणार?" या प्रश्नाला तोंड देण्यात जातो. सातवीच्या भूगोलाच्या बाईंनी खाडीच्या नकाशाचा प्रकल्प देताना सोहमबद्दल तेच विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "सूट देऊन टाकू. दोन पानं माहिती लिहू दे." सूट द्यायला आपल्याकडे सगळे तयार असतात, वेळ द्यायला कोणी नसतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य ते बदल करा, असं आहे. शाळांनी त्याचा अर्थ 'गाळून टाका' असा लावून घेतलाय.

सोहम चेंदणी कोळीवाड्यातला. सूट म्हटल्यावर त्याचा चेहराच उतरला. म्हणून आम्ही नकाशाच करायला घेतला.

पुस्तकातला नकाशा जसाच्या तसा उंचवट्यांनी उठवला तर बोटाला नुसता खडबडीत कागद लागतो. काय गाळायचं, हे कळणं हीच यातली कारागिरी, आणि ती मला येते. दोन रेषांत पुरेसं अंतर हवं, नाहीतर त्या एकच वाटतात. रेल्वेला सुतळी, किनाऱ्याला जाड मेणदोरा, कांदळवनाला सँडपेपर. नावं नकाशावर लिहायची नाहीत, ब्रेलला फार जागा लागते. एकेका अक्षराची खूण ठेवायची आणि सूची वेगळ्या कागदावर. शिवाय फेविकॉल वाळायला एक रात्र सोडायची.

सोहम दोरा चिकटवता चिकटवता थांबला. "बाई, ही कड भरतीची का ओहोटीची?"

"खाडीची रे."

"पण ओहोटीला आजोबांची होडी चिखलात बसते. पाणी कुठच्या कुठे जातं. उधाणाच्या मोठ्या भरतीला वेगळं, भांगाच्या लहान भरतीला वेगळं."

एकोणीस वर्षं मी नकाशे उठवतेय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. निळा रंग संपला की खाडी संपली, एवढंच मी बघत आले होते.

त्याने दोन दोरे लावले. मधल्या पट्ट्यात फेविकॉल पसरून वर रवा भुरभुरवला. तो चिखल. ठाणे खाडी २०२२मध्ये रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. तिथे येणारे रोहित पक्षी ओहोटीला याच चिखलात चरतात. सातवीतल्या एकाही नकाशात तो नव्हता.

नकाशा शाळेत द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी आतला, ओहोटीचा दोरा ब्लेडने काढला आणि रवा खरवडला. 'किनारा पुस्तकाप्रमाणे' याला तीन गुण होते, आणि बाई ते कापणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी देण्याआधी त्याने एकदा बोटं फिरवली. "चिखल कुठे गेला?" एवढंच म्हणाला. मी घाईत असल्यासारखं केलं. दहापैकी नऊ मिळाले, शेरा 'सुंदर'.

नंतर मी शोधलं. जमिनीच्या नकाशांवर किनाऱ्याची रेषा सहसा भरतीची असते. जहाजांसाठीच्या नकाशांत मात्र ओहोटीला उघडा पडणारा भाग वेगळ्या रंगात दाखवतात. ज्याला होडी न्यायची आहे, त्याला दोन्ही कडा लागतात. हे मी सोहमला सांगितलं, दोरा का काढला तेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

गेल्या गुरुवारी दोरा आणि रवा घेऊन गेले. त्याने खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "इथे आता काही चिकटणार नाही, बाई. पुठ्ठा सोललाय."

नवीन करू या का, विचारलं. "बघू," म्हणाला. भूगोलाच्या बाईंना मी अजून यातलं काहीच सांगितलेलं नाही.